डावखुऱ्या फिरकीचा मानकरी कोण?

भाताची कापणी झाली, झोडणी उरकली, इंद्रायणीची पोती घरात येऊन पडली, की आपल्या मावळात खाचरांची मैदाने होतात. त्यातल्या त्यात एखादे मोठे, सपाट खाचर पाहायचे, धसकटे उपटायची, मधली पट्टी धुमसाने चोपायची आणि तीन काठ्या रोवायच्या. झाले क्रिकेट सुरू! कामशेतकडे जा, पवनेच्या काठाला जा, कार्ल्याच्या पायथ्याला जा. दिवाळीनंतर हेच दृश्य दिसेल.

दिवस मावळला की खेळ संपतो आणि पारावर दुसरा खेळ रंगतो. हा खेळ वादाचा. सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? एक म्हणतो गावसकर, दुसरा म्हणतो तेंडुलकर, तिसरा कपिलदेवचे नाव घेतो. आवाज चढतात, कोणी हातवारे करतो, शेवटी ज्याचा घसा मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. आता मला सांगा, हा काही न्याय झाला का?

तेव्हा हा वाद नीट कसा घालावा, ह्याविषयी आज चार शब्द बोलावे म्हणतो. पहिली गोष्ट अशी, की वादाचे शेत लहान करावे. बाजारात बैल घ्यायला गेलो तर आपण खिलारी बैलाची तुलना दुभत्या म्हशीशी करीत नाही. ज्यांचे काम एक, त्यांचीच तुलना. म्हणून आज एकच काम घेऊ : डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा गोलंदाज. आणि प्रश्न असा, की आपल्या देशात ह्या कामाचा खरा मानकरी कोण?

हेच काम का निवडले, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या मावळातच आहे, बरं का. द्रुतगती मार्गाने पुण्याकडे जाताना गहुंज्याचे मोठे मैदान दिसते ना, ते आपल्या मावळ तालुक्यातले. २०१२ साली ते खेळासाठी खुले झाले. लोक त्याला पुण्याचे मैदान म्हणतात, पण माती मावळची आहे. त्या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह ओकीफ नावाचा डावखुरा फिरकीवाला आला आणि त्याने पहिल्या डावात ३५ धावांत सहा बळी घेतले. दुसऱ्या डावात पुन्हा ३५ धावांतच सहा बळी! आपले डाव १०५ आणि १०७ धावांत गुंडाळले गेले. सामना तिसऱ्या दिवशीच संपला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडचा मिचेल सँटनर आला. तोही डावखुरा, तोही फिरकीवाला. त्याने ५३ धावांत सात आणि १०४ धावांत सहा, असे तेरा बळी घेतले. बारा वर्षांनी प्रथमच भारत घरच्या अंगणात कसोटी मालिका हरला, तो ह्या मावळच्या मातीवर.

अशी काय करामत असते ह्या गोलंदाजीत? पाहा, फलंदाज बहुधा उजव्या हाताने खेळणारा. डाव्या हाताचा चेंडू त्याच्या अंगाकडे येतोसा वाटतो, टप्पा पडतो, आणि तिथून तो बाहेर, स्लिपकडे वळतो. फलंदाज पुढे सरसावला तर बॅटीच्या कडेला लागून झेल उडतो; चुकला तर मागे यष्टिरक्षक वाट पाहत असतोच. असे चार चेंडू बाहेर वळले की पाचवा वळतच नाही, सरळ आत शिरतो आणि काठी उडते. शिवाय चेंडूला उंची द्यायची, म्हणजे फलंदाजाला मोह पडतो. ह्या कामाला जोर फार लागत नाही. बोटे लागतात, चिकाटी लागते, आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखावे लागते.

आता वादाची दुसरी गोष्ट. ओकीफने गहुंज्याला बारा बळी घेतले, म्हणून त्याला कोणी जगातला थोर गोलंदाज म्हणत नाही. त्याच्या सगळ्या कसोटी सामन्यांची संख्या नऊ आणि एकूण बळी ३५. एका सुगीला पीक चांगले आले म्हणून आपण शेतकऱ्याची परीक्षा संपली असे समजत नाही. तेव्हा एक सामना पुरा पडत नाही. साऱ्या आयुष्याची कमाई पाहिली पाहिजे.

तर मग उमेदवार पाहू.

पहिले नाव विनू मंकड यांचे. जन्म १९१७ साली जामनगरचा, पण ते मुंबईकडूनही खेळले आणि महाराष्ट्राकडूनही. ४४ कसोटी सामने, १६२ बळी, शिवाय २,१०९ धावा. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा मंकडांनी दोन डावांत मिळून बारा इंग्लिश फलंदाज बाद केले होते. त्याच वर्षी लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि मध्ये ७३ षटके गोलंदाजीही केली. सामना भारत हरला, पण नाव मंकडांचे राहिले. मंकडांच्या बाजूने बोलणारा म्हणतो, नुसता गोलंदाज काय घेऊन बसलात, सबंध संघाचा भार उचलणारा गडी पाहा.

दुसरे नाव बापू नाडकर्णी. हे आपले नाशिकचे, जन्म १९३३ चा. पुणे विद्यापीठाकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, पुढे मुंबईकडे गेले. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव, आणि एकूण धावा दिल्या पाच! लागोपाठ २१ षटके एकही धाव नाही. खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकण्याचा सराव करीत, असे सांगतात. कुणी म्हणेल, ते नुसते धावा अडवीत. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच मद्रासला त्यांनी ऑस्ट्रेलियाचे अकरा बळी घेतले, हेही विसरू नये.

तिसरे नाव बिशनसिंग बेदी. अमृतसरचा हा शीख गडी ६७ कसोटी खेळला, २६६ बळी घेतले, आणि सर्व प्रथम श्रेणीचे सामने धरले तर १,५६० बळी. इतके दुसऱ्या कोणा भारतीयाचे नाहीत. २०२३ साली ते वारले, तेव्हा जगभरच्या जुन्या खेळाडूंनी त्यांच्या गोलंदाजीच्या डौलाची आठवण काढली. नव्या पिढीतली मुले म्हणतील, रवींद्र जडेजाला का विसरता? नाही विसरत. त्याने २०२४ मध्ये कसोटीतला तीनशेवा बळी घेतला, म्हणजे आकड्यात तो बेदींच्याही पुढे गेला.

इथवर सगळे ठीक आहे. पारावरचा कोणीही हुशार पोरगा ही नावे आणि हे आकडे घडाघडा म्हणून दाखवील. पण आता मी दोन नावे अशी घेतो, की ज्यांच्यापुढे कसोटी बळींचा रकाना कोरा आहे.

पद्माकर शिवलकर. मुंबईचे. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, प्रत्येक बळीमागे धावा वीसहूनही कमी. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासला झाला, त्यात ह्या गृहस्थांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले. आणि हरयाणाचे राजिंदर गोयल. त्यांचे एकट्या रणजी करंडकातले बळी ६३७, साऱ्या देशात सर्वांत जास्त. ह्या दोघांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. का? तर त्याच काळात बेदी होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर तिसरीही होती. शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले. कसोटी बळी मोजून थोरवी ठरवायची, तर ह्या दोघांना शून्य गुण द्यावे लागतील. ते मनाला पटते का?

आणखी एक पाहा. डावखुऱ्या फिरकीची यादी करताना आपल्या तोंडून सगळी पुरुषांचीच नावे निघतात. मुंबईच्या डायना एडलजी ह्याच जातीची गोलंदाजी करीत. २० कसोटी सामन्यांत त्यांनी ६३ बळी घेतले, भारताचे कर्णधारपद भूषवले. उत्तर प्रदेशच्या नीतू डेव्हिडने १९९५ साली जमशेदपूरला इंग्लंडच्या आठ फलंदाजांना एका डावात ५३ धावांत बाद केले. सामनेच थोडे मिळत, म्हणून आकडे लहान दिसतात.

म्हणजे वादाची तिसरी गोष्ट ही, श्रोतेहो, आणि मला वाटते हीच खरी महत्त्वाची : आकडा हा ज्याच्या हातात चेंडू दिला त्याचाच तयार होतो. चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे आकडा ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात.

हे ध्यानात ठेवून आता शेवटचे नाव ऐका. बाळू पालवणकर.

घराणे मूळ कोकणातल्या पालवण गावचे, चर्मकार समाजातले. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील पुण्याला लष्करात नोकरीला होते. पुण्यातच पारशी लोकांच्या क्लबात पोरवयात बाळूंना काम मिळाले, मैदान झाडायचे आणि रूळ ओढायचा, महिना तीन रुपये. पुढे ते इंग्रजांच्या क्लबात गेले, तिथे महिना चार रुपये. रूळ ओढायचा, जाळे बांधायचे, पट्टी आखायची, आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. त्या साहेबांत ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. आपल्याला बाद केलेस की दर वेळी आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगितले होते, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, एवढे निश्चित की त्या हजारो चेंडूंनी बाळूंचा हात घडवला. पण त्या मैदानावर त्यांच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकरीचे काम. फलंदाजी हा साहेबाचा मान!

इंग्रजांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबालाही कळत होते. अस्पृश्याला संघात घ्यावे की न घ्यावे, यावर तिथे बरीच खडाजंगी झाली. अखेर घेतले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली, की बाकीचे आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. विचार करा मंडळी, बळी सगळ्यांच्या खात्यात जमा आणि चहा मात्र वेगळा! बरोबर खेळता तर बरोबर जेवायला काय हरकत आहे, असे न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी विचारल्याचे सांगतात.

पुढे बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्या विजयात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी परक्या हवेत, परक्या खेळपट्टीवर १४ प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ बळी घेतले आणि सगळे सामने धरून शंभराच्या पुढे गेले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० मध्ये ह्या अन्यायाविरुद्ध पालवणकर बंधूंनी संघातून अंगही काढून घेतले होते. शेवटी १९२३ साली भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. बाळू १९५५ साली मुंबईत वारले.

आता कोणी म्हणेल, ही कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी येते हे खरे, पण कीव वेगळी आणि खेळ वेगळा. म्हणणे रास्त आहे. म्हणून कहाणी क्षणभर बाजूला ठेवू आणि त्यांच्याच मापाने मोजू. बाळूंचे प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, प्रत्येक बळीमागे धावा १५. म्हणजे सामन्याला पाचांहून अधिक बळी. शिवलकरांचे सामन्याला पावणेपाच पडतात, बेदींचे चाराच्या थोडे वर, मंकडांचे साडेतीनाच्या खाली. तेव्हा बाळू आकड्यांतही मागे नाहीत.

पण इथे मीच एक शंका काढतो, कारण वाद प्रामाणिकपणे घालायचा आहे. बाळूंच्या काळात खेळपट्ट्या उघड्या असत, पावसाने भिजत, उन्हाने तडकत. धावा एकूणच कमी होत. म्हणून त्यांच्या पंधराची आणि बेदींच्या एकविसाची सरळ वजाबाकी करणे चुकीचे. ३३ सामने म्हणजेही काही मोठे आयुष्य नव्हे. हे मान्य. पण सामने ३३ च का, हेही विचारा. आपला देश पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. उरलेले दरवाजे बंद होते, ते त्यांनी लावलेले नव्हते.

असा पेच आपल्याकडेच पडतो असे नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, चेंडू-दांडूचाच. त्यात तिसऱ्या तळावर उभा राहून जोराचे चेंडू अडवणाऱ्या खेळाडूचे काम फार अवघड. त्या जागेवरचा थोर खेळाडू कोण, यावर तिथले लोक आपल्यासारखेच भांडतात. एक पक्ष माइक श्मिटचा. त्याने चेंडू ५४८ वेळा सीमापार टोलवला. दुसरा पक्ष ब्रुक्स रॉबिन्सनचा. अडवण्यातल्या कौशल्याचे पारितोषिक त्याने सोळा वेळा जिंकले. पण त्याच जागेवर रे डँड्रिज नावाचा एक काळा खेळाडू होता. काळ्यांना मोठ्या संघांत मज्जाव होता तेव्हा त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि मज्जाव उठल्यावरही त्याला तिथला एकही सामना मिळाला नाही. १९८७ साली मात्र थोरांच्या मंडळात त्याचे नाव घातले गेले, आणि २०२४ मध्ये काळ्यांच्या वेगळ्या स्पर्धांतले आकडे तिथल्या मुख्य नोंदीत मिळवले गेले. वही उघडून पुन्हा हिशेब केला, तर पहिल्या पानावरची नावे बदलू शकतात.

तेव्हा माझा कौल कोणाला? कसबाच्या डौलात बेदी, संघाचा भार उचलण्यात मंकड, टप्प्याच्या नेमकेपणात नाडकर्णी, हे मी मान्य करतो. पण एकच नाव घ्या म्हणाल तर मी बाळू पालवणकरांचे घेईन. इतरांना कोणी ना कोणी गोलंदाज म्हणून घडवायला घेतले. बाळूंना रूळ ओढायला ठेवले होते, आणि रूळ ओढता ओढता त्यांनी ती विद्या अशी कमावली, की ज्यांनी शिवायला नकार दिला त्यांना त्यांच्याशिवाय खेळता येईना. तुमचा कौल वेगळा असू शकेल. असावा. पण तो देताना आपण कशाने मोजतो आहोत हे आधी सांगा, म्हणजे वाद भांडणावर जाणार नाही.

शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी एक सूचना आहे. एखाद्या शनिवारी वर्गात हा वाद जरूर लावा. नावे घेण्याआधी फळ्यावर मापे लिहून घ्या : किती केले, कोणापुढे केले, काय हाताशी असताना केले. मग ज्या मुलाला जो खेळाडू आवडतो, त्याला मुद्दाम दुसऱ्याची बाजू मांडायला सांगा. आणि शेवटी विचारा, ह्या यादीत कोणाचे नाव नाही, आणि का नाही? गणित होईल, इतिहास होईल, आणि मुलांना दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवयही लागेल.

आणि गावकऱ्यांना सांगणे एवढेच. यंदा खाचरात सामने भरतील तेव्हा जरा आजूबाजूला पाहा. पट्टी चोपतो कोण, पाणी आणतो कोण, ओढ्यात गेलेला चेंडू काढून आणतो कोण, आणि त्यांतल्या कितीजणांच्या हातात दिवसभरात एकदा तरी चेंडू येतो? बांधावर एखादी पोरगी डोळे लावून बसलेली असते, तिलाही हाक मारा. आणि घरात, शाळेत एखादे लेकरू डावरे निघाले, तर उजव्या हाताने लिही, उजव्याने टाक, म्हणून त्याच्या हातावर चापटी मारू नका. त्याला चेंडू द्या, टप्प्यावर एक नाणे ठेवा, आणि म्हणावे, पाड बघू ह्याच्यावर.